थप्पीच्या आत

माझ्या भाच्याने गेल्या वर्षी डब्ब्यात अकरा लाख घालवले. डब्बा म्हणजे काय हे इंदूरकराला सांगावं लागत नाही. बाकीच्यांसाठी एवढंच: बाजाराबाहेर, नुसत्या वहीवर चालणारा बेकायदा सट्टा. सविस्तर पुढे सांगतो. बातमी फुटली त्या रविवारी सुदामानगरला ताईकडे आम्ही सगळे जमलो आणि पोह्यांच्या बशा हातात असतानाच निकाल लागून गेला. भावोजी म्हणाले, लोभ. काकू म्हणाल्या, अतिलोभ. भाचा खाली मान घालून शेव वेचत बसला होता. ज्या माणसाकडे त्याने सौदे लिहवले, तो चार गल्ल्या सोडून राहतो, गणपतीत मंडळाला सगळ्यात मोठी वर्गणी त्याची असते. त्याला मात्र कोणी लोभी म्हणालं नाही. ताईच म्हणाली, "काही म्हणा, माणूस व्यवहाराला चोख आहे हो."

शब्दांची ही वाटणी मला तेव्हापासून सलते आहे. हरला तो लोभी, जिंकला तो व्यवहारी. शेअर बाजारातल्या, वायद्यातल्या, बँकांतल्या प्रत्येक मोठ्या घोटाळ्यानंतर आपण हेच करतो. लोभाचा अध्याय वाचतो आणि पोथी मिटून ठेवतो. लोभ कोणाला नसतो? १९९२ मध्ये यूटीआय या सरकारी म्युच्युअल फंडाच्या मास्टरगेन योजनेसाठी मीही रांगेत उभा होतो, आणि नोकरदार मराठी माणूस सट्टा खेळत नाही असं नाकाने कांदे सोलत सांगणारे माझे दोन साहेब त्याच रांगेत माझ्या पुढे होते. लोभाने माणूस फार तर स्वतःचे पैसे घालवतो. दुसऱ्याचे घालवायला त्याला आणखी एक गोष्ट लागते: न तपासता सही करणारा कोणीतरी.

हे मी नोकरीत शिकलो. बँकेत तेहतीस वर्षं काढली, त्यातली सहा-सात गोदाम तपासण्यात गेली. व्यापारी सोयाबीन, हरभरा, तूरडाळ गोदामात ठेवतो, बँक तिथे आपलं कुलूप घालते, माल तारण असल्याची पाटी लावते आणि त्या मालावर पैसे देते. कागदावर पोती किती, वजन किती, भाव काय. दर महिन्याला आमच्यापैकी कोणीतरी जाऊन मोजायचं. पोती एकावर एक रचलेली असतात, त्या रचनेला थप्पी म्हणतात. सगळी पोती कोण उतरवणार? म्हणून लांबीची मोजायची, रुंदीची मोजायची, उंचीची मोजायची, गुणाकार करायचा, सही ठोकायची, चहा प्यायचा.

छावणीकडच्या एका गोदामात मी असाच गुणाकार करत होतो. एक म्हातारा हम्माल बिडी विझवत म्हणाला, "साहब, कभी ऊपर चढ़ के भी देख लो।" शिडी नव्हती. त्यानेच खांदा दिला. वरच्या थरातली दोन पोती सरकवली तर खाली लाकडी फळ्या, आणि फळ्यांखाली अंधार. चारी बाजूंनी पोत्यांची भिंत, मध्ये पोकळी. त्या दिवसापासून मी पिशवीत परखी ठेवू लागलो. परखी म्हणजे पोत्यात खुपसून आतला नमुना काढायची पोकळ सळई. बाहेरच्या पोत्यांतही तळाशी भुसाच निघाला.

तो व्यापारी काही राक्षस नव्हता. देवभोळा, बाहेर पाणीसुद्धा न पिणारा. भावाचा तोटा झाकायला त्याने एकदा वीस पोती काढली, परत भरता आली नाहीत, मग आणखी काढली. माझ्या आधीच्या माणसाने लागोपाठ अकरा महिने त्या थप्पीवर सही केली होती, शिडी नव्हती म्हणून. पहिल्याच महिन्यात कोणी वर चढलं असतं तर प्रकरण वीस पोत्यांवर मिटलं असतं.

देशातले गाजलेले घोटाळेही मी याच नजरेने वाचतो. १९९२ च्या घोटाळ्यातला शेअर दलाल हर्षद मेहता म्हटलं की लोकांना लेक्सस गाडी आठवते, वरळीचं घर आठवतं. मला बँक रिसीट आठवते. बँका आपापसांत सरकारी रोखे, म्हणजे सरकारच्या कर्जाचे कागद, विकत आणि थोड्या दिवसांनी परत घेत. रोखे इकडून तिकडे हलवायची कटकट नको, म्हणून विकणारी बँक नुसती पावती देई: रोखे आमच्याकडे आहेत, तुमचेच समजा. बँक ऑफ कराड आणि मेट्रोपॉलिटन को-ऑपरेटिव्ह या दोन लहान बँकांनी हातात रोखे नसताना अशा पावत्या फाडल्या. मोठमोठ्या बँकांनी त्या घेऊन पैसे मोजले. तो पैसा दलालाच्या खात्यातून शेअर बाजारात गेला आणि दोनशेच्या आसपासचा एसीसी या सिमेंट कंपनीचा शेअर नऊ हजारांवर चढला. २२ एप्रिल १९९२ ला शेअर बाजाराचा निर्देशांक सेन्सेक्स ४,४६७ च्या शिखरावर होता; दुसऱ्या दिवशी पत्रकार सुचेता दलाल यांची या घोटाळ्याची बातमी छापून आली. रिझर्व्ह बँकेच्या जानकीरामन समितीने खड्ड्याचा आकडा काढला तो ४,००० कोटींच्या वर. आता मला सांगा, साताऱ्याकडच्या एका गावाचं नाव लावणाऱ्या एवढ्याशा बँकेकडे एवढे रोखे आले कुठून, हा प्रश्न सुटाबुटातल्या एकाही अधिकाऱ्याला पडला नसेल? पडलाच असणार. पण वर चढून पाहायला शिडी नव्हती.

नऊ वर्षांनी तोच खेळ पे-ऑर्डरवर, म्हणजे बँकेने स्वतःच्या नावाने दिलेल्या चेकवर झाला. दलाल केतन पारेखने अहमदाबादच्या माधवपुरा मर्कंटाइल सहकारी बँकेच्या पे-ऑर्डर आणल्या, बँक ऑफ इंडियाने त्यावर १३७ कोटी दिले, आणि त्या न वटता परत आल्या. त्याच वर्षी जुलैत यूटीआयने आपल्या यूएस-६४ योजनेची खरेदी-विक्री सहा महिने थांबवली. इंदूरच्या मराठी घरांत त्या जुलैचा धसका अजून आहे, कारण सट्ट्याच्या नावाने कानाला खडा लावलेल्या पेन्शनरांचे पैसे त्यात होते. २००९ मध्ये सत्यम ही संगणक कंपनी. वाघावर बसलो होतो, उतरायचं कसं ते कळेना, असं तिचे अध्यक्ष रामलिंग राजूंनी ७ जानेवारीच्या पत्रात लिहिलं. लोक त्या वाघावरच बोलत राहिले. ताळेबंदातल्या रोख आणि बँकशिलकेत ५,०४० कोटी अस्तित्वातच नव्हते. बँकेत पैसे आहेत की नाहीत, हे तपासण्याइतकं सोपं दुसरं काय असतं? आंधळं दळत होतं, कुत्रं पीठ खात होतं, आणि आपण कुत्र्याच्या लोभावर अग्रलेख लिहिले.

यातलं माझ्या काळजाला लागलेलं प्रकरण मात्र एनएसईएलचं, कारण ते थेट माझ्या धंद्यातलं. एनएसईएल म्हणजे नॅशनल स्पॉट एक्स्चेंज, मालाच्या सौद्यांचा बाजार. तिथे एक जोडसौदा चाले. दोन दिवसांनी ताबा मिळणारा माल घ्यायचा, तोच पंचवीस दिवसांनी विकायचा, मधला फरक तुमचा. वर्षाला चौदा-पंधरा टक्के पडत. दलाल सांगत, धोका कसला, माल गोदामात आहे. साखर, एरंडी, धान, लोकर, सगळं गोदामात आहे. मुळात तो मालाचा व्यापार नव्हताच. गिरण्यांना आणि व्यापाऱ्यांना दिलेलं कर्ज होतं, गोदामाच्या पावतीचा पदर पांघरलेलं. ३१ जुलै २०१३ ला एक्स्चेंजने व्यवहार थांबवले. सुमारे तेरा हजार लोकांचे ५,६०० कोटी अडकले, आणि लोक गोदामांकडे धावले तेव्हा कागदावरच्या मालातला बराचसा तिथे नव्हता. टीव्हीवर ती गोदामं पाहताना मला तो हम्माल आठवला. या सगळ्यांना "वर चढून पाहा" म्हणायला एकही हम्माल नव्हता?

कोणी म्हणेल, असं कसं, मोठ्या खेळाडूंची हाव खरीच अफाट असते. असते ना. इंदूरला हे सांगायला नको. इथले कापूस व्यापारी आणि गिरणीमालक सर सेठ हुकुमचंदांना कॉटन किंग म्हणत ते काही भजन केल्याबद्दल नव्हे. त्यांच्या वायद्याने मुंबईचे दलाल घाम पुसत. तो पैसा इथल्या काच मंदिर या जैन मंदिरात लागला, गिरणीत लागला. हाव होतीच. पण पैसा स्वतःचा होता आणि बुडाला असता तर ते बुडाले असते. त्याही आधीचं एक उदाहरण मला फार आवडतं. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी खंडवा-इंदूर रेल्वेसाठी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्ज दिलं: व्याज साडेचार टक्के, मुदत १०१ वर्षं. राजाने सरकारला व्याजाने पैसे द्यावेत ही काही निर्लोभी गोष्ट नाही. महाराज पक्के व्यापारी होते. पण कर्ज कशाला दिलं ते डोळ्यांना दिसत होतं. रूळ पडले, गाडी आली.

आता डब्बा. शेअर बाजाराचा किंवा वायदे बाजाराचा भाव पडद्यावर पाहायचा, आणि सौदा मात्र बाजारात न नेता डब्बेवाल्याच्या वहीत लिहवायचा. तुम्ही निफ्टीचे, म्हणजे शेअर निर्देशांकाचे, दोन लॉट (ठरावीक गठ्ठे) घेतले म्हणता, ते कोणी विकलेलेच नसतात. समोरचा पक्ष डब्बेवाला स्वतः. तुम्ही हरलात तर तो जिंकला. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात गल्लोगल्ली अशी दुकानं होती, तेव्हा आपला डब्बा काही मौलिक शोध नाही. फक्त देशात पोलिसांच्या बातम्यांत या धंद्याच्या जोडीला इंदूरचं नाव वारंवार येतं, याची एक गावकरी म्हणून लाज वाटते. यात कर नाही, पॅन नाही, मार्जिन म्हणजे आगाऊ अनामत नाही, हिशेब आठवड्याला रोख. १९५६ च्या रोखे करार कायद्यात याला दहा वर्षांपर्यंत कैद, २५ कोटींपर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे. तरी चालतो, कारण गिऱ्हाइकालाच पावती नको असते. पावती नाही म्हणजे कर नाही, घरात कळायची भीती नाही, आणि मुख्य म्हणजे खिशात नसलेल्या पैशांवर खेळता येतं. हे कबूल केलंच पाहिजे. भाच्याच्या बाजूने लिहायला बसलो असलो तरी त्याने अंधार विकतच घेतला होता.

त्याला मी विचारलं, एखादा कागद दाखव. त्याने फोन पुढे केला. चॅटमध्ये संदेश चोवीस तासांनी आपोआप पुसले जावेत अशी सोय लावून ठेवलेली. अकरा लाखांच्या वर्षभराच्या व्यवहारात एक अक्षर शिल्लक नव्हतं. मधे एकदा तो चार लाख जिंकला होता, म्हणे. ते पैसे "पुढच्या हिशेबात धरू" म्हणून कधी मिळालेच नाहीत. व्यवहाराला चोख!

सरकारचा उपाय पुष्कळदा दार बंद करण्याचा असतो. डिसेंबर २०२१ मध्ये सेबीने, म्हणजे शेअर आणि वायदे बाजाराच्या सरकारी नियंत्रकाने, सोयाबीनसह सात मालांचे वायदे थांबवले, पुढे मुदत वाढवत नेली. माळव्यात सोयाबीनचा शेतकरी आहे, तेलगिरणी आहे, व्यापारी आहे. पुढच्या भावाचा अंदाज बांधायची गरज त्यातल्या प्रत्येकाला आहे. कायदेशीर खिडकी बंद झाल्यावर ती गरज घरी जाऊन झोपते असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा मंडीच्या मागच्या गल्लीत चहा प्यावा.

इथवर माझं म्हणणं सरळ होतं: पावती घ्या, माल पाहा. पण भाच्याचा एक मित्र आहे, तो या सरळपणाला खोडा घालतो. त्याने डब्बा कधी पाहिला नाही. नोंदणीकृत दलाल, फोनवरचं ॲप, प्रत्येक सौद्याची रीतसर नोंद, वर सरकारचा कर भरलेला. त्यानेही ऑप्शनमध्ये, म्हणजे भाव वर जाईल की खाली यावर लावलेल्या सौद्यांत, नऊ लाख घालवले, प्रत्येक पैशाच्या पावतीसकट. तो एकटा नाही. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये तीन वर्षांचा हिशेब मांडला: एक कोटीहून अधिक व्यक्ती वायदे-ऑप्शनमध्ये खेळल्या, शंभरातल्या ९३ जणांना तोटा, एकूण तोटा १.८ लाख कोटींच्या वर. यातल्या चारांपैकी तिघांनी स्वतःचं वार्षिक उत्पन्न पाच लाखांच्या आत सांगितलेलं. २०२४ च्या त्या एका आर्थिक वर्षात नफ्यात राहिले ते मोठ्या दलाली पेढ्या आणि परदेशी फंड, आणि त्यांचा जवळजवळ सगळा नफा संगणकाने आपोआप केलेल्या सौद्यांतला.

ही माणसं चोरी करतात असं मी म्हणत नाही. वेगवान यंत्र असणं हा गुन्हा नव्हे. पण जुलै २०२५ मधल्या जेन स्ट्रीट कंपनीविरुद्धच्या आदेशात सेबीने १७ जानेवारी २०२४ चा दिवस उलगडला आहे, तो वाचण्यासारखा आहे. सेबीच्या म्हणण्याप्रमाणे या अमेरिकी कंपनीने सकाळी बँक निफ्टी या बँकांच्या निर्देशांकातले शेअर आणि फ्युचर्स (वायदे) हजारो कोटींनी उचलले, निर्देशांक वर राहिला; त्याच वेळी ऑप्शनमध्ये उलट बाजूला कितीतरी मोठी खेळी लावली; दुपारी शेअर विकून टाकले. शेअर-फ्युचर्समध्ये सुमारे ६१ कोटींचा तोटा, ऑप्शनमध्ये ७३४ कोटींचा नफा. सेबीने ४,८४३ कोटी बाजूला काढायला लावले. कंपनी आरोप नाकारते, तेव्हा शेवटचा शब्द अजून उच्चारायचा नाही. पण सेबी म्हणते तसं घडलं असेल तर याला काय म्हणाल? सकाळची ती खरेदी म्हणजे बाहेरून रचलेली पोत्यांची भिंतच की. भाच्याच्या मित्राने भाव पाहिला, तो खरा होता, पण तो बाहेरचा थर होता. मधली पोकळी पाहायला त्याच्या फोनमध्ये परखी नाही, आणि असूही शकत नाही. ती सेबीकडे आणि एक्स्चेंजकडेच असायला हवी, आणि त्यांनी ती त्याच दुपारी खुपसायला हवी, दीड वर्षाने नव्हे.

वेळ हाच आपल्याकडे गुन्हेगाराचा सगळ्यात मोठा भागीदार आहे. अमेरिकेतल्या गोल्डमन सॅक्स बँकेच्या संचालक मंडळाची बैठक २३ सप्टेंबर २००८ ला संपली आणि मिनिटाभरात संचालक रजत गुप्तांनी आतली खबर द्यायला फंड चालवणाऱ्या राजरत्नमला फोन केला. २०१२ मध्ये ते दोषी ठरले, दोन वर्षांची शिक्षा झाली. अमेरिकेचं मला काही कौतुक नाही, पण चार वर्षं म्हणजे चार वर्षं. इकडे ३१ डिसेंबर २००१ ला हर्षद मेहता ठाण्यात कोठडीतच वारला तेव्हा त्याच्यावरचे बहुतेक खटले रेंगाळलेलेच होते. केतन पारेखला चौदा वर्षं बाजारबंदी झाली; बंदी संपली, आणि जानेवारी २०२५ मध्ये सेबीच्या नव्या अंतरिम आदेशात, दुसऱ्याच्या मोठ्या सौद्याची आधी खबर घेऊन कमाई केल्याच्या आरोपात, पुन्हा तेच नाव. सत्यमच्या लेखापरीक्षक पेढीवर सेबीने २०१८ मध्ये, म्हणजे नऊ वर्षांनी, दोन वर्षांची बंदी घातली. पुढच्याच वर्षी अपील न्यायाधिकरणाने ती काढली. सही करणाऱ्याला काय झालं, हे शोधायला गेलं की बहुधा हातात हेच येतं.

पैसे परत मिळण्याचं तर बोलूच नका. आपल्याच शहरातली हुकुमचंद मिल १९९१ च्या अखेरीस बंद पडली. तिकडे दलाल स्ट्रीटवर एसीसी आभाळाला भिडत होता आणि इकडे परदेशीपुऱ्यात भोंगा थांबला होता, हे एकाच हिवाळ्यातलं. मिल काही शेअर घोटाळ्यात बुडाली नाही, ती कथा निराळी. पण घामाच्या पैशाला या देशात किती वाट पाहावी लागते त्याचं माप म्हणून सांगतो. सुमारे ४,८०० कामगारांची २२४ कोटींची देणी निघाली ती डिसेंबर २०२३ मध्ये. बत्तीस वर्षांनी. त्यातल्या कितीतरी घरांत पैसे घ्यायला विधवा आणि नातू गेले. ज्या देशात गिरणीची जमीन डोळ्यांसमोर असताना हा वेग, तिथे पुसलेल्या चॅटवरच्या अकरा लाखांचा हिशेब कधी लागेल?

तेव्हा शाळांत आर्थिक साक्षरतेचे वर्ग घ्या, जरूर घ्या, ॲपवर लाल अक्षरांत इशारे छापा. पण ते सगळं हरणाऱ्याला सुधारण्यासाठी आहे. मला ज्याच्या सहीवर इतरांनी पैसे ठेवले त्याच्याबद्दल कायदा हवा आहे. लेखापरीक्षक, गोदामाचा रखवालदार, एक्स्चेंजचा देखरेख अधिकारी, डब्ब्याला बँक खातं वापरू देणारा शाखाधिकारी. फसवण्याचा हेतू होता का हे सिद्ध करत वीस वर्षं घालवू नका. पाहणं तुमचं काम होतं, तुम्ही पाहिलं नाही, आणि पाहिलं अशी सही केलीत. एवढं पुरे आहे, नुकसानीतला वाटा भरा. यावर माझे जुने सहकारी चिडतात. म्हणतात, मग कोणी सहीच करणार नाही. न करू देत. सही नसलेल्या थप्पीवर कर्ज मिळणार नाही, एवढंच होईल.

आम्हाला बँकेत कोणी नीतीचे धडे दिले नव्हते. मात्र गोदामात माल कमी निघाला तर शेवटची सही कोणाची ते आधी पाहिलं जाई, चौकशी त्याच्यावर लागे आणि बढती तर जाईच. माझ्या आधीच्या माणसाची त्या अकरा सह्यांवरून चौकशी झाली, ती मी शेजारच्या टेबलावरून पाहिली होती. पुढे बदली झाली तरी परखी मी ग्वाल्हेरलाही नेली आणि तिथल्या पहिल्याच तपासणीला शिडी मागून घेतली.